कुणाच्या घरी जाता?

बसलिंगव्वा भाकऱ्या उरकून उंबऱ्याशी टेकली होती, तेवढ्यात धारवाडची शैला पाहणीचे कागद घेऊन दारात आली.

"अज्जी, अडीनडीला तुम्ही कुणाच्या घरी जाता? जिचं नाव जास्त येईल तिला शिकवून बाळंतपणाच्या औषधांची पेटी देणार आहोत."

"गौडतीच्या. पाटलीण ती गावची! आणखी कुणाच्या?"

चुलीपाशी सून नीलव्वा होती. "अत्ते, आणि दुर्गव्वा?"

"तिच्या घरी आपण कधी गेलो गं? तीच येते की!"

खोटं नव्हतं बाई ते. साऱ्या गावाची बाळंतपणं दुर्गव्वाच करी. पण राहायची खालच्या केरीत, गावकुसाबाहेरच्या वस्तीत. तिच्या घरात पाय कोण ठेवणार? लांबून हाक मारायची, ती मागच्या दारानं यायची, आणि ती गेली की जमिनीवर पाणी शिंपडायचं. प्रत्येक दारात सासू ऐकत बसलेली, म्हणून प्रत्येक दारात गौडतीचंच नाव. ऊन चढलं होतं, शैलानंही पुढे खोदून विचारलं नाही. थकलेल्या माणसांना कुठवर बोल लावायचा? पेटी गौडतीकडे गेली.

पुढे बसलिंगव्वाची लेक गंगव्वा माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली, रडलीही; पण गंगव्वाचं रक्त काही थांबेना. तालुक्याची जीप वाटेतच होती.

"अव्वा, पेटीत रक्त थांबायच्या गोळ्या आहेत म्हणतात. पळा!" दुर्गव्वा ओरडली.

बसलिंगव्वा धापा टाकत गेली. गौडती लेकीकडे हुबळीला, दाराला कुलूप. ती परतली तोवर गंगव्वा गेली होती.

पेटी कुणी उघडतच नाही म्हणून वर्षानं शैला पुन्हा आली. प्रश्न तोच. नात मांडीवर, आणि बसलिंगव्वाच्या तोंडून सवयीनं निघालंच, "गौडतीच्या."

नीलव्वा उठली. "गंगी गेली, तरी तुमची जीभ वळत नाही?" तिनं पोर उचलली आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत केरीत शिरून थेट दुर्गव्वाच्या घरात जाऊन बसली; कागद घेऊन शैलाही मागे गेली.

"नको गं तायी," दुर्गव्वा घाबरली, "तुला घराबाहेर काढतील."

"काढू देत. भाकरी वाढ मला. शैलाक्का, आता लिहा, हिच्या घरी जाते म्हणून."

मागोमाग बसलिंगव्वा आली. दारापर्यंत आली, पण पाय उचलेना. केरीतल्या बाया बघत राहिल्या.

"माझी नात दे," ती बाहेरूनच म्हणाली.

नीलव्वानं भाकरीचा तुकडा मोडला.

"आत येऊन घ्या, अत्ते."