जुळ्यांच्या झोळीचा कासरा

मित्रांनो, मी एक कासरा आहे. जुना म्हणा, चालेल. पण कुजका म्हणालात तर मला खपणार नाही. कासरा म्हणजे बैलांना वळवायची लांब दोरी. वणीजवळच्या एका गावात पुंजाराम आजोबांनी घायपाताच्या वाखापासून मला मांडीवर वळलं. औताला दोन दांडगे बैल असत, पण माझा एक हिसका बसला की मुकाट वळत. कासरा असावा तर असा, असं सारं गाव म्हणे.

पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि मी खुंटीला लागलो. उंदरांनी एकदा माझी चव घेतली. पुन्हा काही ते आले नाहीत.

मग आजोबांच्या मुलाला, हर्षलला, जुळी झाली. बाळ्या आणि छकुली. हर्षल नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर रात्रपाळी करी आणि दिवसा झोपे. झोपे म्हणजे, झोपायचा प्रयत्न करी. त्याच्या बायकोने, प्रतिभाने, सासूच्या जुन्या लुगड्याच्या दोन झोळ्या टांगल्या होत्या. एकीला झोका द्यावा तर दुसरीतलं पोर रडे आणि त्या रडण्याने पहिलं जागं होई. शेवटी एकदा मशीनवरच हर्षलचा डोळा लागला. शेजारच्याने वेळीच मागे ओढलं, नाहीतर हात गेला असता. प्रतिभा त्या दिवशी जेवली नाही.

आजोबा आणि सावित्रीबाई आजी लगोलग गावाहून आले. आजोबांच्या पिशवीत मी होतो.

"हा घे पोरी," आजोबा म्हणाले. "लय ताकदीचा हाय."

प्रतिभाने मला दोन्ही झोळ्यांना बांधलं आणि माझं टोक हातात धरलं. एक ओढ दिली, तशा दोन्ही झोळ्या एका लयीत हलल्या. खरं सांगतो, बैल वळवतानाही माझी छाती इतकी फुगली नव्हती.

पण बाळ्याला भूक लागली. प्रतिभाने त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने मला ओढत राहिली. आजीने धावत येऊन बाळ्याची झोळी धरली.

"रिकामी झोळी हलवू नाय गं. पोराचं पोट दुखतं."

मी थांबलो. छकुलीने लगेच भोकाड पसरलं. आतल्या खोलीत हर्षल कूस बदलून उठून बसला. रात्री पुन्हा त्याच मशीनवर उभं राहायचं होतं. प्रतिभाचे डोळे लाल झाले होते, पण ती सासूशी भांडली नाही. जरा वेळाने म्हणाली, "आई, बारशाला आपण वरवंट्याला बाळ म्हणून कुंची घातली होती. तो ठेवला, तर झोळी रिकामी म्हणायची का?"

आजीने विचार केला. "नाय म्हणता यायचं," ती म्हणाली. मग स्वतःच ओट्यावरचा वरवंटा आणला, त्याला कुंची घातली आणि झोळीत निजवलं.

"हा गुणाचा हाय," आजोबा म्हणाले. "रडत नाय."

मी पुन्हा चालू लागलो. छकुली झोपली आणि हर्षलही पुन्हा आडवा झाला. बाळ्या पिता पिता झोपला आणि बसल्या जागी प्रतिभाचीही मान कलली. आजोबांनी तिच्या हातातून माझं टोक अलगद सोडवून घेतलं. संध्याकाळपर्यंत ते मला ओढत राहिले आणि हर्षल दिवेलागणीला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावरून दहाही बोटं घेऊन घरी आला. आल्या आल्या त्याने हात धुतले आणि माझं टोक धरलं. बैल वळवले त्याचा मला अभिमान आहेच, पण त्या सकाळचा अधिक आहे.

मित्रांनो, कुणाच्या घरी बाळ बघायला गेलात तर खुळखुळा नाही नेला तरी चालेल. घटकाभर दोरी तुम्ही ओढा आणि त्याच्या आईला सांगा, तू झोप.