एका कानाचे गाढव

मित्रांनो, मी लाकडाचे एक जुने गाढव आहे. मला एकच कान आहे. दुसरा कुठे गेला, ते सांगतो.

एका खेळणीवाल्याने मला कोरले. तो कोरायचा, त्याची बायको रंगवायची. वखारीतून लाकडाचा भारा पाठीवर आणायचीही तीच. माझे डोळे तिने मागे वळलेले काढले.

"अगं, हे मागे काय बघतंय?"

"ओझं सरकलं तर ते कुणाला सांगणार? आपलं आपणच बघतंय."

फळीवरचे घोडे भराभर खपले. मला मात्र गिऱ्हाइके उचलत, हसत आणि परत ठेवत. "घरात एक आहे की!" असे एक बाई नवऱ्याकडे बघून म्हणाली.

तुमच्या चित्रांत राजा घोड्यावर बसतो. ज्याची धिंड काढायची, त्याला गाढवावर बसवतात. चौकातला पुतळाही घोड्याचाच. त्याच्या चौथऱ्याचे दगड कोणी वाहिले, हे कोणी कोरत नाही.

"याचे कान उडवतो. घोडा म्हणून खपेल," खेळणीवाला म्हणाला.

"कान कापले म्हणून घोडा होतो का? राहू द्या. ते माझं आहे."

एका सकाळी भारा उतरवून ती भिंतीला टेकली. "अहो, पाठ फार दुखतेय."

त्याने हातातले काम सोडले नाही. हसून म्हणाला, "गाढवाला कसली पाठदुखी!"

तीही हसली. त्याच्या तोंडी ते कौतुकच होते. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा भारा आणला. पुढे कितीतरी दिवस आणला.

"आधी का नाही आणलंत यांना?" शेवटी डॉक्टरांनी विचारले. महिन्याभरात ती गेली.

मग बारा घोड्यांची मागणी आली. अकरा झाले आणि लाकूड संपले. आणायला कोणी नव्हते. त्याने मला खाली काढले आणि कानाला पटाशी लावली. एक कान पडला. दुसऱ्यासाठी मला फिरवले, तसे माझे डोळे त्याच्यासमोर आले. तिने काढलेले, मागे बघणारे.

त्याने पटाशी खाली ठेवली. त्याचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला.

"फार दुखतं का गं?" त्याने विचारले.

मी लाकूड आहे. मला दुखत नाही.

अकराच घोडे गेले. मी अजून फळीवर आहे. मित्रांनो, तुमच्या घरात ओझे वाहणारे कोणी "पाठ दुखते" म्हणाले, तर हातातले काम खाली ठेवा. तेव्हाच ठेवा.