अर्धी बकेट

टेकडीच्या माथ्यावर आमची धावपट्टी. गवताची, उताराची, खाली ओढ्याशी संपणारी. मर्डोकाका विमान चालवतात, मी खत उचलणारं लोडर-यंत्र. मी त्याच्या मोठ्या बकेटनं विमानाच्या पोटात खत ओतायचं, त्यांनी ते मेंढ्यांच्या कुरणांवर सांडायचं. माझ्याआधी लोडरवर माझी आई होती.

त्या सकाळी खताच्या ढिगावरची ताडपत्री उडालेली, ढीग दवानं भिजलेला. मी मूठभर खत दाबलं. मूठ उघडली तरी गोळा फुटेना. असा गोळा झाला की विमान उडवायचं नाही, हा आमचा नियम. वर काही बिनसलं तर वैमानिक दांडा ओढून सगळं खत सोडतो, हलका होऊन निघतो. ओलं खत सुटत नाही.

काकांनी गोळ्याकडे पाहिलंच नाही. "हेनी, वारा पडलाय. असा दिवस पुन्हा कधी मिळायचा? कोरड्यात मिसळ आणि भर."

"नियम कुणी केला?"

"मीच. म्हणून मोडायचा हक्कही माझा."

"मोडा की. माझ्या लोडरनं नाही."

"आईवर गेलीस. तीही चहाला साखर मागितली तरी भांडायची."

मी अर्धी बकेट ओतली.

"पोरी, अर्धपोटी पाठवतेस?"

"एवढं आधी पाडून दाखवा. नाहीच पडलं, तर एवढ्यानिशी परत उतरता येईल. पडलं, तर पुढची काठोकाठ."

हसत त्यांनी तोंड वळवलं. विमान उतारावरून धावलं, ओढ्याच्या सावलीत बुडालं, उन्हात वर आलं. कुरणावर शेपटीमागे पांढरी रेघ उमटली, भांगासारखी बारीक, आणि तुटली. ते पुन्हा वळले, पुन्हा गेले. मागे नुसतं आभाळ.

विमान जडपणे पट्टीवर उतरलं. काकांनी इंजिन बंद केलं. मग खाली येऊन विमानाच्या पोटावर थाप मारली. आवाज भरीव आला.

"पूर्ण भरलं असतंस, तर एवढं ओझं घेऊन या पट्टीवर उतरता आलं नसतं."

"म्हणूनच नाही भरलं."

कुरणांचा मालक क्लाईव्ह जीप घेऊन वर आला. "थांबलात का? उद्या पाऊस आहे."

काकांनी हात विजारीला पुसले. "मला नको विचारूस. लोडरवर ती आहे."

क्लाईव्हनं माझ्याकडे पाहिलं.

"आज नाही," मी म्हणाले.

तो आणखी काही ऐकायला थांबला. अडकलेलं खत उपसायला मी फावडं घेऊन विमानाच्या पोटात उतरले, आणि काका दुसरं फावडं शोधायला गेले.