पहिली चूळ

खजुरिहा गावात दोन हापसे. एक कोल आदिवासींच्या वस्तीत, दुसरा पुत्तनसिंह ठाकुराच्या बखरीसमोर, म्हणजे वाड्यासमोर. जेठ लागला आणि वस्तीतल्या हापशाचं पाणीच जमिनीत खोल गेलं. त्यावर जगातल्या कुठल्याच मिस्त्रीपाशी औषध नसतं, वस्तीतल्या दुइजी मिस्त्रिणीपाशीही नव्हतं. वस्तीतल्या बाया म्हशी डुंबतात त्या डबक्यातलं पाणी पदरातून गाळून आणू लागल्या. हिरवं, बुळबुळीत, मुताच्या वासाचं पाणी. दुइजीच्या नातीला आठ दिवस ओकाऱ्या होत होत्या आणि पोर सुकून काडी झाली होती.

तेवढ्यात बखरीचा हापसाही बंद पडला. त्याच्या बोअरला पाणी भरपूर होतं, आत काहीतरी मोडलं होतं एवढंच. ब्लॉकच्या कचेरीतला सरकारी मिस्त्री म्हणाला, पंधरा दिवसांनी येतो. तेव्हा कुठे पुत्तनसिंहाला आठवलं की गावात एक मिस्त्रीण राहते.

"अडला हरी, जिज्जी!" निरोप ऐकून रमसिया हसली. ती दुइजीची जोडीदारीण, बारा वर्षं दोघी मिळून पाइप ओढायच्या.

"म्हणजे गाढव मीच ना गं?" दुइजी म्हणाली आणि तिने पान्ह्यांची पिशवी खांद्याला लावली.

बखरीसमोरच्या कडुनिंबाखाली, चार माणसांदेखत, तिने आधी अट घातली. "दुरुस्त करून देते, दाऊ. पण रोज सकाळी दोन तास आमची वस्ती इथे पाणी भरणार."

"भरा की!" पुत्तनसिंहाने मिशीवरून हात फिरवला. "पाणी काय माझ्या बापाचं आहे?"

काम दोन दिवसांचं होतं, दोघींनी ते एका दिवसात उरकलं. शंभर फूट पाइप, दहा-दहा फुटांचा एकेक तुकडा शिकंज्यात धरायचा, ओढायचा, आटे सोडवायचे, बाजूला ठेवायचा. लोखंड उन्हात असं तापलेलं की हाताला चटके बसत. बखरीतले सहा पुरुष सावलीत खाटा टाकून बघत बसले. एकानेही पाइपाला बोट लावलं नाही. पानं खाल्ली, पिंका टाकल्या, आणि जोर लावताना दोघींची पोटरी किती उघडी पडते ते मन लावून पाहिलं.

"पदर सांभाळ गं, मिस्त्रीण!" पुत्तनसिंहाचा पुतण्या ओरडला.

"पदर घट्ट खोचलाय, भैया," दुइजी वर न बघता म्हणाली. "तुमची नजर तेवढी कुठेतरी खोचून ठेवा."

खाटांवर हशा पिकला. दुइजीला त्या हशाचीसुद्धा शिसारी आली.

एका पाइपाचे आटे पार झिजले होते. तिने टोक कापलं, तेल सोडत सोडत नवे आटे पाडले आणि बोटाने चाचपून पाहिले. शेवटी तळाचा पितळी नळा वर आला. त्यात चामड्याच्या दोन वाट्या असतात. त्या वर-खाली होतात तेव्हा पाणी चढतं. त्या कुजून काळ्या पडल्या होत्या आणि त्यांना मेल्या जनावराचा वास मारत होता. जुन्या दाखवल्याशिवाय ब्लॉकमधून नव्या मिळत नाहीत, म्हणून तिने त्या चिंधीत बांधून पिशवीत टाकल्या. तिच्यापाशी शिल्लक असलेल्या, रात्रभर डब्यात भिजवून आणलेल्या नव्या वाट्या बसवल्या आणि पुन्हा शंभर फूट पाइप खाली सोडला.

दिवस कलताना पाणी आलं. आधी लाल, मग गढूळ, मग स्वच्छ.

या मुलखातल्या मिस्त्रिणींची एक रीत होती. ज्यांचा हापसा त्या घरच्या बाईने दांडा मारायचा आणि मिस्त्रिणीने ओंजळीने पाणी प्यायचं. पहिली चूळ थुंकायची, कारण तिच्यात गंज असतो. दुसरी गिळायची आणि पाणी कसं आहे ते सांगायचं. तेव्हा काम उतरलं म्हणायचं. दुइजीने दोन्ही हात तोटीखाली धरले आणि ठकुराइनकडे पाहिलं.

"ए! हात काढ!" पुत्तनसिंहाची बायको किंचाळली. "तोटी बाटवतेस काय?"

दिवसभर हेच हात त्या हापशाच्या आतड्यांत कोपरापर्यंत होते. तेव्हा काही बाटलं नव्हतं. दुइजीने हात काढले. मग बखरीतून घागरी आल्या, राख आली, बाटलीतून गंगाजल आलं. दांडा घासला, तोटी घासली, ओटा तीन वेळा धुतला. दुइजी आणि रमसिया घामाने निथळत उभ्या होत्या. त्यांना पाणी हवंय का, असं कोणी विचारलंही नाही.

"आणि आमचे दोन तास, दाऊ?" दुइजीने विचारलं.

"दिले की! मी शब्दाचा पक्का आहे," पुत्तनसिंह म्हणाला. "फक्त ओट्यावर चढायचं नाही. आमच्या बाया भरतील तेव्हा खाली सांडतंच. ते मोरीतून पुढे जातं, तिथे घागरी लावा."

मोरीच्या तोंडाशी बखरीचे बैल पाणी पीत होते. एकाने तिथेच शेण टाकलं.

बारा वर्षांत दुइजीने बोअरमधून मेलेले बेडूक काढले होते, सडकी चिंध्यांची भेंडोळी काढली होती, कधी मळमळलं नव्हतं. आज मळमळलं. तिने पिशवीतली चिंधी सोडली आणि त्या दोन काळ्या वाट्या धुतलेल्या ओट्यावर मधोमध ठेवल्या.

"ठकुराइन, हे धुवायचं राहिलं."

"काय आहे ते? शी! किती घाण वास!"

"चामडं. म्हशीचं. तुमचं पाणी हेच वर चढवतं. नऊ वर्षं प्यायलात, देवालाही घातलंत, ते सगळं यातूनच आलं. आज नवं कोरं बसवलंय."

ठकुराइनने तोंडावर पदर धरला, पण उशीर झाला होता. ती ओट्याच्या कडेलाच ओकली. खाटांवरच्या पुरुषांनी तोंडातली पानं थुंकली.

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!" पुत्तनसिंह ओरडला.

"काढते. मग पाणी येणार नाही. शहरात रबराच्या वाट्या निघाल्यात म्हणतात, मी तरी पाहिल्या नाहीत."

"मग आम्ही या हापशाला शिवणार नाही! जा, घाला तुमच्या मढ्यावर!"

दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तीतल्या झाडून सगळ्या बाया घागरी घेऊन आल्या. दोन तास कशाला, त्यांनी दिवसभर पाणी भरलं. नातीच्या ओकाऱ्या दोन दिवसांत थांबल्या. बाया हसत होत्या, गात होत्या. दुइजीला मात्र हसू फुटेना. तिने पाइप ओढले, आटे पाडले, त्याची किंमत शून्य. हे पाणी मिळालं ते एका मेल्या म्हशीच्या कातड्यामुळे. तिने वस्तीसाठी घागरी भरल्या, घरी नेऊन त्यातलं पाणी प्यायली, पण तोटीखाली ओंजळ धरली नाही. तिच्या हिशेबी काम अजून उतरलंच नव्हतं.

बखरीने चार दिवस जुन्या विहिरीतला गाळ उपसला. पाचव्या दिवशी भर दुपारी ठकुराइन स्वतः पितळी घागर घेऊन आली. ओठ फुटले होते. रांगेतल्या बाया बाजूला सरल्या.

"दुइजी," ती हळूच म्हणाली, "तू हापस. मी घागर धरते. दांड्याला हात नाही लावणार मी."

"पण ते चामड्याचं पाणी पिणार?"

"तहानेला काय करू, बाई?"

म्हणजे चामडं चाललं. माणसाचा हात लागलेला दांडा चालत नव्हता. दुइजीला वाटलं, हिला हाकलून द्यावं. मग ती ओट्यावर चढली आणि दोन्ही हात जोडून तोटीखाली धरले.

"माझं काम उतरायचं राहिलंय, ठकुराइन. हापसा."

ठकुराइन बराच वेळ दांड्याकडे बघत राहिली. शेवटी तिने पदरात हात गुंडाळला.

"पदर काढा. निसटतो."

तिने पदर काढला आणि उघड्या हाताने दांडा दाबला. एकदा, दोनदा. पाणी दुइजीच्या ओंजळीत पडलं. थंड होतं. तिने तोंडात घेतलं, सावकाश खुळखुळवलं आणि घासून धुतलेल्या त्या ओट्यावर, ठकुराइनच्या पायांपाशी, थुंकलं.

"थांबू नका," ती म्हणाली. "पहिली थुंकायचीच असते."