कुलपतींची खुर्ची

रवळू मास्तरांची खुर्ची गेली ती एका शब्दापायी, आणि तो शब्द त्यांनी स्वतःच पोरांना शिकवलेला होता.

मास्तर सीमाभागात, सांबऱ्याच्या विमानतळापलीकडच्या एका लहान गावात राहायचे. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण शिकवायची खोड गेली नव्हती. रोज संध्याकाळी समाजमंदिरात पोरं गोळा करायची आणि गणितापासून राज्यघटनेपर्यंत जे मनात येईल ते शिकवायचं. दोन्ही गुडघे मात्र कामातून गेलेले. खाली बसलं तर उठवत नसे, आणि उभं राहिलं तर सत्ताविसाचा पाढा संपायच्या आत कळ मस्तकात जाई. म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना सागवानी, हातांची खुर्ची करून दिली होती. ती खुर्ची होती म्हणून तो वर्ग होता.

त्या हिवाळ्यात गावात कॉलेजच्या पोरांचं एनएसएसचं शिबिर लागलं. पोरांनी गटारं काढली, झाडं लावली, आणि समारोपाच्या आदल्या दिवशी पंचायतीचा मेंबर परशराम याला विद्यापीठातून फोन आला. बोलणारा कन्नड होता. "नाळे कुलपती बरतारे," म्हणजे उद्या कुलपती येणार, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

परशराम तसाच समाजमंदिरात आला आणि कुलपती म्हणजे नेमकं कोण, असं विचारू लागला. भावकूची नात आरोही चटकन उभी राहिली. राज्याचे राज्यपाल हेच विद्यापीठांचे कुलपती असतात, आणि रोजचा कारभार बघतात ते कुलगुरू, असं तिनं घडाघडा सांगितलं. मास्तरांनी कौतुकानं मान डोलावली.

इकडं सगळ्यांना दोन्ही भाषा येतात, आणि घोटाळे होतात ते म्हणूनच. मराठीत ज्याला कुलगुरू म्हणतात तो कन्नडात कुलपती, आणि मराठीतला कुलपती तिकडं कुलाधिपती होतो. मास्तरांना हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत.

राज्यपाल येणार म्हटल्यावर गाव हललं. भावकूच्या रानातले रताळ्याचे वेल उपटून तिथं हेलिकॉप्टरसाठी चुन्याचा गोल मारला. विमानतळ इथं नाकासमोर असताना हे कशाला, असं भावकूनं विचारून बघितलं.

"मग सांबऱ्यास्नं वडापच्या जीपनं येणार व्हय राज्यपाल?" परशराम म्हणाला. भावकू उपटलेले वेल गोळा करू लागला.

गावात हातांची खुर्ची एकच. मास्तरांनी ती आनंदानं दिली, एका दिवसाचा तर प्रश्न होता. तिच्यावर लाल मखमल चढली. पाटीचं काम शहरात, खासबागेतल्या पेंटरला दिलं. पेंटर पक्का माणूस. बसणार कोण, हे त्यानं आधी विचारून घेतलं, आणि राज्यपाल असं कळल्यावर वर मराठीत 'कुलपती' आणि खाली कन्नडात 'कुलाधिपती' असं लिहिलं. दोन्ही शब्द अचूक होते. पाटी खुर्चीच्या पाठीला खिळ्यांनी ठोकली तेव्हा मास्तरांच्या गुडघ्यात उगाचच एक चमक येऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आभाळाकडं तोंड करून उभं असताना मागून रस्त्यानं एक पांढरी गाडी आली. तिच्यातून एक किडकिडीत गृहस्थ उतरले. आपण कुलपती, असं त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, हसतमुखानं मांडवात शिरले, खुर्चीपर्यंत गेले, पाटी वाचली आणि विस्तवावर पाय पडल्यासारखे मागं सरकले. कुलाधिपती स्वतः येणार आहेत आणि आम्हाला कोणी कळवलं नाही, असं म्हणत ते कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर अंग चोरून बसले.

"मास्तर," परशराम कुजबुजला, "ह्यो कुलपती म्हंतोय, आणि कुलपतीच्या खुर्चीत बसंना. ह्यो कसला कुलपती?"

आता मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी त्याच्या कानात सगळा उलगडा केला.

"म्हंजी ह्यो त्यो न्हवं?"

"ज्याच्याबद्दल फोन आलता त्योच ह्यो. पण आपण ज्याची वाट बघतोय त्यो ह्यो न्हवं."

हे गावासमोर कबूल करायचं परशरामच्या जिवावर आलं. म्हणून त्यानं माईकवरून सांगितलं की कुलपती वाटेत आहेत. झालं. पाहुणे कुलाधिपतींची वाट बघू लागले, कारण त्यांच्या आधी सुरुवात करणं नियमात बसत नव्हतं. गाव पाहुण्यांकडं बघून वाट बघू लागलं, कारण एवढा मोठा माणूस थांबलाय म्हणजे कोणीतरी येणारच. शिबिराची पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपून गेली. शेवटी ऊन उतरल्यावर पाहुणे उठले, रिकाम्या खुर्चीला 'सन्माननीय' म्हणून त्यांनी भाषण केलं, आपल्या गळ्यातला हार काढून तिला घातला, आणि तिला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी गाडीपर्यंत गेले.

दुसऱ्या संध्याकाळी मास्तर वर्गात आले तर खुर्चीभोवती दोरी बांधलेली. गावातल्या अक्काताईंनी पाटीला हळदकुंकू वाहिलं होतं.

"कुलगुरू ज्या खुर्चीला पाठ दावत न्हाईत, तिच्यावर तुमी पाठ टेकणार?" परशरामनं विचारलं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखरच काळजी वाटत होती. "माजं ऐका. ज्याची खुर्ची त्याची परवानगी. कुलपतींनी सांगू द्या, मी सोता दोरी सोडतो."

मास्तर भांडणारे नव्हते. ते खांबाला टेकून शिकवू लागले. आधी भूगोल गेला, मग गणित आखडलं. एक दिवस खांब धरूनही उभं राहवेना, तेव्हा त्यांनी पोरांना सांगितलं की सोमवारपासून वर्ग बंद.

आरोहीनं हात वर केला.

"सर, कुलपती शिकवत्यात काय वो?"

प्रश्न आला की मास्तर गुडघे विसरत. कुलपती कुलगुरूंची नेमणूक करतात, पदवीदानाला अध्यक्ष असतात, विद्यापीठ कायद्यानं चाललंय की नाही यावर नजर ठेवतात, असं त्यांनी सावकाश समजावलं. रोज येऊन शिकवणं हे त्यांचं काम नव्हे.

"मग शिकवतंय कोण?"

"शिकवतो गुरू, बाळ."

आरोही दोरीखालून आत गेली. कंपासपेटीतलं कर्कटक काढून तिनं कन्नड शब्दातला 'ला'चा काना आणि पुढचा 'धि' खरवडून काढला. मग परशरामला बोलावून आणलं आणि वाचा म्हणाली.

"कुलपती," परशरामनं वाचलं.

"कन्नडात कुलपती म्हंजी कोण, आप्पा?"

"कुलगुरू." एवढं तो आता जन्मभर विसरणार नव्हता.

"मग ही खुर्ची गुरूची झाली. गावात दुसरा गुरू हाय काय?"

परशरामनं पाटी खालून वर, वरून खाली वाचली. "वर मराठीत अजून कुलपतीच हाय की गं."

"फोन कन्नडात आलता, आप्पा."

या कायद्याला तोड नव्हती. परशरामनं स्वतः दोरी सोडली आणि मास्तरांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. मास्तरांचे गुडघे कुरकुरले आणि गप्प झाले. पण परशरामचं समाधान होईना. मग खरे कुलपती कुठं बसणार, असं पुटपुटत तो बाहेर गेला, प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला, पोरांच्या मागं कोपऱ्यात ठेवली आणि ती दोरी तिला बांधली.

सोमवारी मास्तरांनी हजेरी घेतली. सगळी नावं झाल्यावर त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"कुलपती?"

"वाटंत हाईत, सर," आरोही म्हणाली. "अजून आल्यालं न्हाईत."

मास्तरांनी मान डोलावली आणि सत्ताविसाचा पाढा घेतला.