माझा दुसरा आवाज

२०२२ सालच्या मे महिन्यातली ती दुपार मला अजून आठवते. मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. पनवेलच्या एका छोट्या रक्तपेढीतली, युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणारी. मला इथे बसवले तेव्हा डॉक्टर कृष्णकांतांनी माझ्यावर हळदकुंकू वाहिले आणि माझ्या वाट्याचा पेढा स्वतःच खाल्ला.

पळस्पे, कळंबोली, मोरा बंदर, जिथे शिबिर होई तिथल्या रक्तदात्यांची नावे माझ्या पोटात येत. "हिला विचारा, ही विसरत नाही," असे सगळे म्हणत. पुढे डॉक्टर निवृत्त झाले, नवे संगणक आले. माझ्यावर लोक ओल्या छत्र्या वाळत घालू लागले.

मला दोन आवाज आहेत. पहिल्याने मी उत्तर देते. दुसऱ्याने तक्रार करते, 'इथे पाहायची परवानगी नाही.'

त्या दुपारी जवळच्या प्रसूतिगृहात हुस्नबानो बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. तिचा गट बॉम्बे, फार दुर्मिळ. दुसरे कुठलेही रक्त तिला चालत नाही. मोठ्या रक्तपेढ्यांतही त्या दिवशी शिल्लक नव्हते. तिचे सासरे इलियासभाई आमचे काउंटर धरून उभे होते.

संगणक सांभाळणारी वल्लरी माझ्यासमोर बसली. तिने 'बॉम्बे' शोधायला ग्रेप ही आज्ञा दिली. ग्रेप म्हणजे एकेक फाइल उघडून आतला शब्द शोधायचा. मी शोधू लागले आणि पडदा तक्रारींनी भरून गेला.

"काय ही म्हातारीची कटकट! हिच्या बडबडीत उत्तर दिसतच नाही."

"मग गप्प कर तिला," टेक्निशियन सुनीताताई म्हणाल्या. "वेळ नाहीये."

वल्लरीने आज्ञेच्या शेवटी दोनचा आकडा, बाण आणि डेव्ह-नल लिहिले. डेव्ह-नल हा माझ्यातला तळ नसलेला खड्डा. माझा दुसरा आवाज त्यात गेला. मी पुन्हा शोधले. पडदा स्वच्छ, एकही ओळ नाही.

"नाही हो चाचा. कोणीच नाही."

मी आतून ओरडत होते. एक फोल्डर मला उघडताच आले नव्हते! दुर्मिळ गटाच्या दात्यांना रक्ताचे दलाल फोन करून भंडावत, म्हणून डॉक्टरांनीच ती नावे कुलपात ठेवली होती.

इलियासभाई हलले नाहीत. "बेटा, माल नाही म्हणायच्या आधी मी दुकानाचा माळासुद्धा बघतो. तू कुठे कुठे बघितलंस, तेवढं सांग."

"सगळीकडे..." वल्लरी थांबली. "ताई! हिला कुठे बघता आलं नाही, ते मी फेकूनच दिलं!"

तिने आज्ञा बदलली. तक्रारी खड्ड्यात न टाकता एका फाइलमध्ये साठवल्या आणि त्यांत 'दाते' हा शब्द शोधला. एकच ओळ आली. दुर्मिळ दाते, परवानगी नाही.

"तो पासवर्ड फक्त डॉक्टरांकडे," सुनीताताई म्हणाल्या. डॉक्टरांचा फोन लागेना. प्रसूतिगृहातून निरोप आला, "घाई करा." अखेर फोन लागला.

"अगं, ते कुलूप माझंच! पासवर्ड तोंडाला नाही, बोटांनाच आठवतो. आलोच."

ते घरातल्या स्लिपरवरच रिक्षाने आले. घाईत पासवर्ड एकदा चुकला. मग कुलूप उघडले आणि मी नाव दिले, मोऱ्याचा अंकुश.

"आमी जेट्टीवरच हाय," अंकुश फोनवर म्हणाला. "मासळी उतरवतो न् निघतो."

"मासळी राहू दे रे बाबा!" सुनीताताई ओरडल्या.

"बरं, आलो. अंगाला वास येल, चालंल नं?"

तपासण्या उरकून त्याच्या रक्ताची पिशवी संध्याकाळी प्रसूतिगृहात पोचली.

हुस्नबानो वाचली. तिची जास्मीन आता बालवाडीत जाते. इलियासभाई ईदला मोऱ्याला शीरखुर्मा पाठवतात आणि अंकुश तो डबा सुक्या कोळंबीचे सोडे भरून परत धाडतो. वल्लरी पुण्याला मोठ्या नोकरीवर गेली. डॉक्टर गेल्या वर्षी वारले. जाण्याआधी त्या फोल्डरची परवानगी त्यांनी सुनीताताईंच्या नावे करून ठेवली.

आणि मी? मी लवकरच कळंबोलीच्या भंगारात जाईन. त्याचे दुःख नाही. पण मित्रांनो, माझ्या जागी येणारी मशीनही कटकट करील. तिला खुशाल गप्प करा. फक्त त्याआधी एकदा, ती काय म्हणते ते वाचा.