तो नव्हता

काचेवरचा तो ओरखडा... घड्याळ पारदर्शक पिशवीत होतं, पिशवीच्या तोंडाला लाखेचं सील, आणि तिला आधी वाटलं हे आपलं नव्हेच. घरच्या कपाटात ते मोठं दिसायचं. मग ओरखडा दिसला. वडील ते हातात घालून नळ दुरुस्त करायला बसले होते तेव्हा पडलेला.

"आमचंच," ती म्हणाली.

"चोर काल सापडला," फौजदार म्हणाले. "नवशिका आहे. या भागात नुकताच राहायला आलाय. तुमच्या खालच्या मजल्यावरही त्यानंच हात मारला."

तो नव्हता. म्हणजे खुर्चीवाला नव्हता. "बरं झालं, बरं झालं," ती दोनदा म्हणाली. फौजदारांना वाटलं घड्याळ मिळाल्याचा आनंद, त्यांनी चहा मागवला.

ती गुन्हेगारीशास्त्र शिकवायची, आणि शिक्षा भोगून सुटलेल्यांवर तिचं संशोधन चाललं होतं. खुर्चीवाला त्यांतलाच. खरं नाव छापायचं नाही या बोलीवर तो बोलता झाला होता. पूर्वी घरं फोडायचा. तुरुंगात खुर्च्या विणायला शिकला आणि सुटल्यावर त्यातच रमला. तिनं त्याला घरच्या खुर्च्या विणायला बोलावलं, तेव्हा ताई म्हणाली होती, "लोक प्रबंध लिहितात, तू तो घरातच आणून बसवलास."

मग चोरी झाली. "कुणावर संशय?" याच टेबलाशी फौजदारांनी विचारलं होतं आणि ती "कुणावर नाही" म्हणाली होती – पण किती वेळानं? शिक्षा संपली तरी लोक माणसाला सोडत नाहीत, हे वर्गात घसा कोरडा करून सांगणारी ती, तेव्हा मात्र टेबलावरच्या फायली मोजत बसली होती. दुपारी घरी कोण असतं, असं त्यानं विचारलं होतं... विचारणारच, खुर्च्या परत आणायच्या होत्या ना! हे कळत होतं, आणि तरी आठवडाभर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कॉलेजात, स्वयंपाक करताना, ताईच्या "आता तरी नाव सांग"च्या फोननंतर तर फारच.

ठाण्यातून ती कॉलेजात गेली नाही. पाय आपसूक त्याच्या दुकानाकडे वळले. काय सांगायचं हे ठरलं नव्हतं.

तो दातांत चुका – बारीक खिळे – धरून एका खुर्चीची बैठक ठोकत होता. तिला पाहून त्यानं चुका तळहातावर काढल्या.

"मॅडम, घरी चोरी झाली म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या ताई येऊन गेल्या. खुर्ची दाखवायला आले म्हणाल्या." त्यानं तळहातावरच्या चुका सारख्या केल्या. "खुर्ची मात्र आणली नव्हती."

तिला हसू फुटलं, आवरेना. मग तोही हसला, पण जरा उशिरानं, तिचा चेहरा नीट वाचून झाल्यावर.

"सापडला चोर," ती म्हणाली. "नवीनच कुणीतरी."

त्यानं हातोडी खाली ठेवली आणि त्या अर्धवट बैठकीवरच बसला. "सुटलो," तो म्हणाला. "रोज वेळेवर दुकान उघडत होतो. एक दिवस उशीर झाला असता तरी लोक म्हणाले असते, पळाला." मग तिच्याकडे न बघता, "तुम्हालाही वाटलं असेल."

नाही म्हणणं सोपं होतं. जीभ तयारही होती.

"वाटलं."

त्यानं मान हलवली. "मलाही वाटलं होतं, तुम्ही माझं नाव सांगणार म्हणून." चुका पुन्हा दातांत धरताना तो पुटपुटला, "फिट्टंफाट."

बाहेर रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, कुणीतरी ड्रायव्हर ट्रक मागे घेत होता आणि सगळे त्याला हातवारे करून वाट दाखवत होते. तिला सपाटून भूक लागली होती – किती दिवसांनी! ठाण्यात आपण गप्प राहिलो ते त्याच्यावरच्या विश्वासानं, की आपलंच लिखाण तोंडावर पडेल या भीतीनं? तिनं प्रश्न उलटून-पालटून पाहिला. धड उत्तर येईना... आणि नवल म्हणजे, ते आलं नाही म्हणून जीव कासावीस होत नव्हता. आपणही त्याच लोकांतल्या, ज्यांच्याबद्दल आपण लिहितो – एवढंच, आणि हे कळूनही छातीत कसं मोकळं मोकळं वाटत होतं. जणू आत कुणीतरी कधीचं ताठ उभं होतं, ते आता बसलं होतं.